एक्केचाळीस नंबरचं घर

पाणीबाईंना बातमी कळली ती लिफ्टमध्ये, आणि तीही अभिनंदनाच्या रूपात.

विद्यापीठातून दमून आल्या होत्या. एका हातात तपासायच्या उत्तरपत्रिका, दुसऱ्या हातात भाजीची पिशवी. लिफ्टचं दार बंद होता होता सोसायटीचे सेक्रेटरी आत घुसले. हे गृहस्थ एरवी तळमजल्यापासून चौथ्या मजल्यापर्यंत पार्किंगवर भाषण देत. आज मात्र चेहरा लोण्यासारखा मऊ करून म्हणाले, "मॅडम, तुमचे उपकार कसे फेडायचे आम्ही?"

"कसले उपकार?"

"अहो, नवी पाइपलाइन! झाल्यातच जमा आहे. गुरुवारची सुनावणी नुसती नावाला. वरच्या वस्तीला भरपूर पाणी मिळतं हे तुम्हीच आकड्यांनिशी सिद्ध केलंय ना? पाणी विभागाने तुमचा लेखच फाइलला जोडलाय. मग लाइन वर कशाला जाईल? आपल्याकडे येणार. आता आपला तलावसुद्धा भरता येईल."

तलाव म्हणजे पोहण्याचा. इमारत झाल्यापासून तो कोरडा होता आणि त्यात सोसायटीची मुलं सायकली चालवत. पाणीबाईंच्या हातातली भाजीची पिशवी घसरली आणि चार टोमॅटो लिफ्टभर गडगडत गेले. सेक्रेटरींनी ते वाकून गोळा करून दिले. उपकाराचा पहिला हप्ता फेडला.

तर बाईंची ओळख आधी करून देतो. गेली अठरा वर्षं त्या एकाच गोष्टीचा अभ्यास करत होत्या : पाणी कुणाला किती मिळतं, ते कोण ठरवतं, आणि ज्याला मिळत नाही त्याला नेमकं का मिळत नाही. त्यांचं लाडकं म्हणणं असं, की गरीब वस्त्या आपलं पाणी सरकारी खात्यापेक्षा शहाणपणाने वाटून घेतात, आणि तरी त्यांच्याच वाट्याला कमी येतं. या म्हणण्यासाठी त्यांनी टेकडीवरची एक्केचाळीस घरांची वस्ती निवडली होती. सहा वर्षं तिथले आकडे जमवले, लेख लिहिला, तो परदेशातल्या मासिकात छापून आला. 'पाणीबाई' हे नाव वस्तीने ठेवलं. विद्यार्थ्यांनी ते उचललं, आणि हल्ली चिडले की त्यांचे यजमानही तेच वापरत.

घरात शिरल्या तर यजमान न्हाणीघरात. आत शॉवर धो धो चालू आणि वर गाणं. बाईंनी दारावर थाप मारली.

"पाणी बंद कर!"

"अंगाला साबण आहे!"

"मग पुसून ये!"

यजमान टॉवेल गुंडाळून बाहेर आले, कानामागे फेस. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुझ्या बढतीची मुलाखत पुढच्या बुधवारी. त्या मुलाखतीत हाच लेख सगळ्यात वर. आणि विभागाने तुझ्याच लेखाचा आधार घेतलाय. यात रडण्यासारखं काय आहे?"

"त्यांनी चुकीचा अर्थ काढलाय."

"मग सांग त्यांना बरोबर अर्थ."

सांगायला किती सोपं! बाईंनी मनातल्या मनात विभागाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. लेख वाचायचा नाही, नुसता तक्ता फाडून घ्यायचा आणि फाइलला लावायचा. दुसऱ्या दिवशी त्या विद्यापीठातल्या आपल्या खोलीत तावातावाने बसल्या. विभागाला असं पत्र लिहायचं, की वाचणाऱ्याचे कान लाल व्हावेत.

पत्राच्या तिसऱ्या ओळीलाच त्या अडखळल्या. विभागाने अर्थ चुकीचा काढला नव्हता. तक्ता क्रमांक तीन. एका पाळीला प्रत्येक घरी चौदा बादल्या. पहिल्या वर्षी चौदा, दुसऱ्या वर्षी चौदा, सहाव्या वर्षीही चौदा. खालच्या दोन-तीन भागांपेक्षा हे खरंच जास्त होतं. बाईंनी या न हलणाऱ्या आकड्यावर 'स्थैर्य' नावाचं अख्खं प्रकरण लिहिलं होतं आणि त्याचं कौतुकही पुष्कळ झालं होतं.

आज तोच आकडा त्यांना दातात अडकलेल्या कणासारखा टोचायला लागला. मधल्या काळात टेकडीच्या पायथ्याशी इमारती उभ्या राहिल्या, सगळ्या त्याच लाइनवर. बाईंची स्वतःचीही त्यातलीच. तरी चौदा. एका वर्षी धरणाचा तळ दिसला होता, वर्तमानपत्रांत फोटो आले होते. तरी चौदा. पंप जळून दोन आठवडे बंद होता, तो महिना काढून बघितला. चौदा!

"अरे, पंप जळाला होता ना!" बाई रिकाम्या खोलीत मोठ्याने म्हणाल्या.

तक्त्याखाली बारीक अक्षरात एक टीप होती : 'घर क्र. ४१ चे आकडे विसंगत असल्याने वगळले आहेत.' ती त्यांनीच लिहिलेली, म्हणून नजर तिच्यावरून घसरून पुढे गेली. आपण लिहिलेलं कोण वाचतं!

आता एक लाजिरवाणी गोष्ट सांगायलाच हवी. सहा वर्षांत बाई पाणी यायच्या वेळेला वस्तीत एकदाही गेलेल्या नव्हत्या. पाणी एक दिवसाआड पहाटे सहाला यायचं. बाई जायच्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी, दुपारी बारा वाजता. फॉर्म तयार असायचे, चहा तयार असायचा, पाणी समितीच्या अध्यक्ष मावशी तयार असायच्या. बाई फॉर्म घ्यायच्या, चहा घ्यायच्या आणि उतरायच्या. याला आमच्याकडे उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात. विद्यापीठात याला क्षेत्रकार्य म्हणतात.

बुधवारी पाणी येणार होतं. बाई साडेपाचलाच पायऱ्यांच्या तळाशी जाऊन उभ्या राहिल्या.

मावशी तिथे स्टुलावर बसल्या होत्या. साठीच्या पुढच्या, उजवा गुडघा कामातून गेलेला, गळ्यात शिट्टी, मांडीवर हातभर लांबीची लोखंडी किल्ली. लाइन तिथे तीन गल्ल्यांमध्ये फुटते आणि तिन्ही व्हॉल्व्ह या एकाच किल्लीने फिरतात. किल्ली अकरा वर्षं मावशींकडे होती, आणि त्या काळात वस्तीत पाण्यावरून एकही डोकं फुटलं नव्हतं. बाईंना बघून मावशी अशा दचकल्या, जसे शाळेत अचानक तपासनीस साहेब यावेत.

"बाई? आज? अहो, आज शनिवार नाही!"

"माहीत आहे. बघायला आलेय."

"बघायला काय आहे त्यात? पाणी ते पाणी. वर चला, चहा टाकते."

"पाणी येऊ दे आधी."

सहा बाराला पाइपातून फुस्स करून हवा आली, मग पाणी. मावशींनी पहिल्या गल्लीची किल्ली फिरवली आणि शिट्टी मारली. बाई पायऱ्या चढत दुसऱ्या गल्लीत जाऊन थांबल्या. दारादारात भांडी मांडलेली, माणसं उभी, कुणाचा आवाज नाही. ज्यांच्याकडे म्हातारं माणूस आहे त्यांची भांडी शेजाऱ्यांनी सगळ्यात पुढे लावली होती. बाईंना भरून आलं. त्यांचं म्हणणं शब्दशः खरं होतं. असं वाटप कुठल्या खात्याने केलं असतं?

सोळा मिनिटांनी शिट्टी झाली आणि दुसऱ्या गल्लीचं पाणी सुरू झालं. करंगळीएवढी धार. बाई एका दाराशी उभ्या राहून मोजू लागल्या. तिथली शिवणकाम करणारी मुलगी एका बादलीवर नजर ठेवत दुसरी सरकवत होती. एक. दोन. तीन. चार. पाचवी भरता भरता पुन्हा शिट्टी झाली आणि धारेचा थेंब झाला.

"झालं?" बाईंनी विचारलं.

"झालं की," मुलगी म्हणाली. "आज बरं होतं."

बाईंनी गल्लीतल्या बाकीच्या दारांतल्या बादल्याही मोजल्या आणि तिसरी शिट्टी झाल्यावर तडातडा खाली आल्या. तिसऱ्या गल्लीचं पाणीही संपलं होतं. मावशी किल्ली पुसत होत्या आणि गुडघ्यावर फॉर्मची पाटी ठेवून लिहीत होत्या. मान वर न करता, रबरी शिक्का मारावा तसं, एकाखाली एक : चौदा, चौदा, चौदा.

"मावशी, वर खोलीत चला," बाई म्हणाल्या. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही.

वर चढताना मावशी दर दहा पायऱ्यांनी थांबत होत्या. आपल्या घरावरून जाताना त्यांनी दाराशी ठेवलेली भरलेली बादली पायाने अलगद आत सरकवली. "मला कुठली भरायला सवड, मी व्हॉल्व्हपाशी. बायका ठेवतात बिचाऱ्या आळीपाळीने. पाचेक वर्षं झाली, खंड नाही. अध्यक्षपदाचा मान!" बाईंचं लक्ष नव्हतं. त्या समितीच्या खोलीत शिरल्या आणि समोरच्या भिंतीकडे बघत राहिल्या. तिथे काचेच्या चौकटीत सोनेरी काठाचं प्रमाणपत्र होतं. 'आदर्श पाणी समिती. प्रथम क्रमांक.' खाली त्यांचीच सही.

"त्या मुलीने पाच बादल्या भरल्या. मी मोजल्या. तुम्ही चौदा लिहिलंत."

"हो."

"हो काय! का?"

"आपलं चौदा असतं, बाई."

"आपलं म्हणजे?"

मावशींनी त्यांच्याकडे कीव करावी तसं बघितलं. एवढी शिकलेली बाई आणि इतकं साधं कळू नये! "पहिल्या वर्षी खरंच चौदा भरायच्या. पावणेदोन तास पाणी असायचं. तुम्ही मग हे आणून लावलंत. टाळ्या झाल्या, फोटो झाले. पुढच्या वर्षी खाली इमारती आल्या आणि आम्ही अकरावर आलो. आता अकरा लिहिलं तर तुम्ही काय म्हणणार? समिती बिघडली. नंबर गेला. आमच्या वाटपात एका थेंबाची लबाडी नाही, बाई, मग आमचे मार्क का म्हणून कमी व्हावेत?"

"मार्क? अहो, ते मार्क नव्हते! तुम्हाला पाणी किती मिळतं ते मोजायचं होतं. तुमची परीक्षा नव्हती ती!"

"मग हे सर्टिफिकेट कशाचं?"

बाई चौकटीतली आपली सही वाचत राहिल्या. ते प्रमाणपत्र त्यांनी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणलं होतं, लोकांना बरं वाटावं म्हणून. पहिला क्रमांक कुणात, हेसुद्धा ठरवलं नव्हतं. दुसरी वस्ती अभ्यासात नव्हतीच.

"आणि खरं सांगू?" मावशी आता थोड्या मऊ आवाजात म्हणाल्या. "तीन वर्षांपूर्वी तुम्ही खालच्या इमारतीत राहायला आलात. मग तर सोयच राहिली नाही. तुमच्या नळामुळे आमचा नळ आटला असं तुमच्याच फॉर्मवर कसं लिहायचं? माणसाला वाईट वाटतं."

बाईंना राग येत होता, आणि तो नक्की कुणाचा ते कळत नव्हतं म्हणून जास्तच येत होता. मावशींवर ओरडावं तर त्यांचा शब्दन् शब्द खरा. विभागावर ओरडावं तर त्यांनी जे छापलेलं तेच वाचलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्या धप्पकन खुर्चीवर बसल्या आणि मावशींना सुनावणीचं सगळं सांगितलं. चौदा बादल्यांमुळेच लाइन वर येणार नव्हती.

मावशींच्या हातातली किल्ली जमिनीवर टेकली. त्या म्हणाल्या, "म्हणजे मीच पाणी घालवलं वस्तीचं?"

"आपण दोघींनी," बाई म्हणाल्या. "सहा वर्षांत एकानेही खरा आकडा लिहिला नाही?"

मावशींचा चेहरा दगड झाला. "एक्केचाळीस नंबर लिहितो आपलं काय ते. स्वतःचा फॉर्म स्वतः भरतो, कुणाला हात लावू देत नाही. माझा धाकटा भाऊच आहे, पण नाव काढू नका त्याचं. पाच वर्षं बोलत नाही आम्ही. सगळी वस्ती चौदा लिहिते आणि सख्ख्या भावाने आधी अकरा, मग उतरत उतरत चार लिहावं? बहीण अध्यक्ष असताना?"

तेव्हा कुठे बाईंना ती बारीक अक्षरातली टीप आठवली. त्या ताडकन उठल्या.

एक्केचाळीसावं घर तिसऱ्या गल्लीच्या अगदी टोकाला, सगळ्यात उंच. सहा वर्षांत बाई तिथवरही कधी चढल्या नव्हत्या. आत एक म्हातारा डोळ्याला भिंग लावून मनगटी घड्याळाच्या पोटात चिमटा घालून बसला होता. भिंतीवर दुरुस्तीला आलेली वीसेक घड्याळं, आणि सगळी एकच वेळ दाखवणारी. वस्तीत त्यांना घड्याळजी म्हणत.

"या," भिंग न काढता ते म्हणाले. "सहा वर्षं, दोन महिने. चढायला वेळ लागला."

बाईंनी आढेवेढे न घेता उद्याच्या सुनावणीचं सांगितलं. "काका, तुमचे फॉर्म माझ्याकडे आहेत, पण ते मी धरले नाहीत. बाकीच्यांपेक्षा एखादा आकडा फारच वेगळा आला, तर तो चुकला असेल असं समजून बाजूला काढतात."

"कोण काढतं?"

"मी काढला."

घड्याळजींनी भिंग काढून टेबलावर ठेवलं. "चाळीस घड्याळांत बारा वाजलेत आणि एकात साडेबारा. मग आधी बाहेर जाऊन ऊन बघावं की साडेबारावालं कचऱ्यात टाकावं?"

"ऊन बघावं."

"तुम्ही दुपारी बारालाच यायचात. ऊन डोक्यावर असायचं."

म्हातारा उठला आणि फळीवरून सहा वह्या काढल्या. पहिली उघडून त्यांच्यापुढे धरली. अक्षर मुंगीएवढं, पण सरळ रेषेत. तारीख, पाणी आलं ती वेळ, गेलं ती वेळ, बादल्या किती. पंप जळाला त्या दोन आठवड्यांत नुसती शून्यं. बाईंनी हावरटासारखा हात पुढे केला, तशी त्यांनी वही मिटली.

"वह्या मी घेऊन येतो. तुमच्या हातात दिल्या तर पुन्हा बाजूला काढाल. आणि दोन गोष्टी. एक, माझा आकडा कुणी काढला ते तिथे सगळ्यांसमोर सांगायचं."

"सांगते."

"दुसरी, ताईला खोटारडी म्हणायचं नाही. खोटं तिने लिहिलं, पण शाई तुमची."

त्या संध्याकाळी यजमानांनी सगळं ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "बढती गेली समज."

"समजले."

"आणि आपली लाइन?"

"तीही गेली समज."

"आणि सोसायटीत तोंड कसं दाखवायचं?"

"जिन्याने जा. लिफ्टमध्येच भेटतात ते."

गुरुवारी सुनावणीची खोली गच्च भरली होती. लांब टेबलामागे पाणी विभागाचे अभियंते आणि त्यांचे दोन सहकारी. तिघांपुढे सीलबंद पाण्याच्या बाटल्या. पाण्याचा विभाग, आणि स्वतःचं पाणी पिण्याची हिंमत नाही! एका बाजूला सोसायटीचे बारा जण इस्त्रीच्या कपड्यांत. दुसऱ्या बाजूला वस्तीची माणसं. त्यात एका टोकाला मावशी, दुसऱ्या टोकाला घड्याळजी, आणि दोघांची तोंडं विरुद्ध भिंतींकडे.

अभियंत्यांनी बाईंचा लेख वाचायला सुरुवात केली. चांगला वाचत होते, हे आणखी चीड आणणारं. "'वस्तीतील प्रत्येक घरास प्रति पाळी चौदा बादल्या पाणी मिळते व हे प्रमाण सहा वर्षे स्थिर आहे.' लेखिका इथे हजर आहेत. मॅडम, आपल्याला काही भर घालायची आहे?"

"भर नाही, वजा करायचंय," बाई उभ्या राहून म्हणाल्या. "तो तक्ता चुकीचा आहे. मी तिथे पाणी यायच्या वेळेला कधी गेले नाही. पहिल्याच वर्षी मी लोकांना बक्षीस दिलं, आणि मग त्यांना आकडा कमी लिहिण्याची लाज वाटू लागली. तशी लाज वाटायला मीच भाग पाडलं. एका घराने खरं लिहिलं होतं. एक्केचाळीस नंबर. तेवढं मी माझ्या हाताने वगळलं."

सोसायटीच्या बाजूला कुजबुज उठली. सेक्रेटरींना भाषणासाठी चार मजले लागत, पण आज एकाच वाक्यात काम भागलं : "मॅडम, तुम्ही राहता कुठे याचं तरी भान ठेवा!"

"ते आता कुठे यायला लागलंय," बाई म्हणाल्या.

अभियंते वैतागले. जमलेला डाव उधळला की माणूस वैतागतो तसे. "म्हणजे लेख खोटा?"

"तक्ता खोटा. लेख त्याच्यावर उभा आहे, म्हणजे तोही."

"मग आता विभागाने करायचं काय? आमच्याकडे नोंद हवी. तोंडी सांगून लाइन हलत नाही."

"नोंद आहे," घड्याळजी उठले. सहा वह्या टेबलावर ठेवल्या. बाईंनी समजावून दिलं : लाइन एकच, तिन्ही गल्ल्यांना वेळ सारखाच वाटलेला, तेव्हा एका घरी किती मिनिटं पाणी आलं हे कळलं की सगळ्या वस्तीचं कळतं. अभियंत्यांनी वह्या चाळल्या आणि चष्मा सारखा केला. "हे अक्षर कुणाला लागणार? तुम्हीच वाचा."

घड्याळजींनी खिशात हात घातला. चष्मा घरी राहिला होता. उभ्या आयुष्यात एक मिनिट न चुकलेला माणूस आज चष्मा विसरला! त्यांनी कामाचं भिंग काढून डोळ्याला लावलं आणि वही नाकाला टेकवली. भिंगात एका वेळी एकच अक्षर दिसत होतं. "पा... णी... आ... ले..."

सोसायटीच्या बाजूने कुणीतरी हसलं. अभियंत्यांनी घड्याळाकडे बघितलं. "आजोबा, असं वाचलंत तर पुढचं वर्ष उजाडेल."

घड्याळजींनी मान वर केली. भिंग निसटून टेबलाखाली गेलं. आणि तेवढ्यात दुसऱ्या टोकाची खुर्ची करकरली. मावशी गुडघा धरून उठल्या, खुर्च्यांचा आधार घेत घेत पुढे आल्या आणि त्यांनी भावाच्या हातातून वही ओढून घेतली.

"आण इकडे. लहानपणापासून तुझं मुंगीचं अक्षर मलाच वाचावं लागतंय."

पाच वर्षांतलं हे पहिलं वाक्य. घड्याळजी बाजूला सरकले.

मावशींनी मधूनच एक पान उघडलं. घसा साफ केला. "पाणी आले सहा शेहेचाळीस. गेले सहा एकोणसाठ. बादल्या..." त्या क्षणभर थांबल्या. ज्या आकड्यापायी भाऊ तोडला तो आता स्वतःच्या तोंडाने, इस्त्रीच्या कपड्यांसमोर म्हणायचा होता. बाईंना वाटलं, नाही म्हणवणार. पण मावशींनी मान ताठ केली. "चार. बादल्या चार," त्या म्हणाल्या, आणि पुढची ओळ वाचायला लागल्या. "एक..."

आवाज तिथेच बंद पडला.

"एक काय?" अभियंत्यांनी विचारलं.

मावशींनी पान उलटलं. आणखी एक उलटलं. मग दुसरी वही उघडली, तिसरी उघडली. त्यांचं बोट प्रत्येक तारखेच्या शेवटावरून सरकत होतं. बाई शेजारीच होत्या. त्यांनी वाकून बघितलं. प्रत्येक नोंदीच्या शेवटी तेच तीन शब्द, एक दिवसाआड, पाच वर्षं, खंड नाही.

"बादल्या चार," बाईंनीच वाचलं. "एक ताईच्या दारात."

घड्याळजी टेबलाखाली वाकून भिंग शोधत राहिले. ते त्यांच्या बुटापाशीच पडलं होतं.

"मला वाटलं, बायका ठेवतात," मावशी म्हणाल्या. त्या कुणाशी बोलत होत्या कोण जाणे. "अध्यक्षपदाचा मान म्हणून."

अभियंते माणूस म्हणून वाईट नव्हते, पण रकाने भरण्यात त्यांची हयात गेली होती. त्यांनी सोसायटीची फाइल मिटून बाजूला सारली. "खालच्या लाइनचा निर्णय आज होत नाही. आधी या वह्यांवरून फेरतपासणी होईल. पण मला नोंद स्पष्ट हवी. एक्केचाळीस नंबरचं नक्की काय धरू? चार की तीन?"

"चार," टेबलाखालून घड्याळजी म्हणाले.

"तीन," मावशी म्हणाल्या. डोळे पुसायचीही त्यांनी तसदी घेतली नाही. "त्याच्या तीनच लिहा. आणि साहेब, बारा नंबरच्या घराचं पान काढा. ते माझं. तिथे चौदा लिहिलंय."

"हो, आहे चौदा."

"ते खोडा. एक लिहा."

अभियंत्यांनी पेन उचललं. ते चौदा खोडून एक लिहीपर्यंत पाणीबाई टेबलावर वाकून बघत राहिल्या.